तिसऱ्या बेसजवळचं गवत

वहिनीला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरीही नगरपालिकेने गावातल्या एकुलत्या एका बेसबॉल मैदानाचं गवत तिच्या हवाली केलं. झालं असं, की आधीचा मैदानवाला लेकीकडे राहायला दुसऱ्या गावी निघून गेला. नगरपालिकेच्या रोपवाटिकेत मातीत हात घालून बरीच वर्षं काढलेली एकच बाई होती, ती वहिनी. साहेबांनी विचारलं, "जमेल ना?" ती म्हणाली, "गवत कुठलंही असो, त्याला ऊन, पाणी आणि हवा लागते. ते मी बघते. खेळाचं मात्र मला काही विचारू नका."

सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं, कारण तिची नणंद तिला तशी हाक मारायची आणि नणंदेचा आवाज गावभर ऐकू जायचा. नणंद लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या; पण ती अशी काही ओरडायची की गाडी त्या आवाजानेच थांबावी. संध्याकाळी हीच बाई गावच्या बेसबॉल संघाची कोच व्हायची. त्यामुळे घरीदारी तिचं नावच कोचबाई पडलं होतं. वहिनीचा नवरा, म्हणजे कोचबाईचा दादा, चौकात केस कापायचं दुकान चालवायचा. बायकोला मैदान मिळाल्याचं ऐकून तो म्हणाला, "झकास. मी डोकी भादरतो, तू मैदान भादर. घरात एकच धंदा, दोन शाखा."

त्याच दिवशी जेवताना कोचबाईने वहिनीची शिकवणी सुरू केली.

"हे बघ, माझी ताटली म्हणजे होम प्लेट. मिठाची डबी पहिला बेस, पाण्याचा जग दुसरा, मिरपुडीची डबी तिसरा. ताटलीपाशी उभं राहून बॉल मारायचा, मग मीठ, जग, मिरपूड करत पळत परत ताटलीपाशी यायचं. आला सुखरूप, की एक धाव."

"म्हणजे निघाला तिथेच परत?"

"हो."

"मग गेला कशाला?"

कोचबाईने कपाळावर हात मारला. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या सासूबाई घास गिळून म्हणाल्या, "सूनबाई, ही पोरगी सात वर्षांची होती तेव्हापासून मी हेच विचारतेय."

मैदान पाण्याच्या टाकीमागे होतं. वहिनी कोचबाईबरोबर पहिल्यांदा गेली तेव्हा हिवाळा सरत आला होता आणि गवताकडे बघवत नव्हतं. भिंतीच्या सावलीत शेवाळ माजलं होतं. लांबचे खेळाडू वर्षानुवर्षं ज्या जागी उभे राहायचे तिथे ताटाएवढी टक्कलं पडली होती. आणि बेसभोवतीची लाल माती संपून जिथे गवत सुरू होत होतं, तिथे वाऱ्याने नि झाडूने सरकलेली माती साचत साचत एक उंचवटा तयार झाला होता. दुरून दिसायचाही नाही. वहिनीने खाली बसून त्यावरून तळहात फिरवला.

"इथे येऊन बॉल उडत असणार," ती म्हणाली.

"उडतो ना!" कोचबाई म्हणाली. "आम्हाला वाटायचं, आमचं नशीबच फुटकं."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी कामाला लागली. तिने मैदानाला चारी बाजूंनी दोरी बांधली. मुळांना हवा मिळावी म्हणून दातेरी रूळ फिरवून जमिनीला भोकं पाडली, त्यावर चाळलेली वाळू पसरली, बी टाकलं. उंचवट्याची माती पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन परत लाल मातीत लोटली. आणि जाहीर केलं, की गवत धरेपर्यंत आत कोणी पाऊल ठेवायचं नाही. कोचसुद्धा नाही.

संघाचा सराव मग कोचबाईच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या सिमेंटच्या जागेत सुरू झाला. घसरून गुडघे फुटायचे, बॉल गाड्यांखाली जायचे. सगळ्यात जास्त कुरकुर बेकरीवाल्याची. तो तिसऱ्या बेसवर खेळायचा. वयाने पन्नाशीकडे झुकलेला आणि पोटाने सगळ्या दिशांना झुकलेला, पण बॅट हातात आली की बॉल थेट भिंतीपार. एका सकाळी तो पावाचे ट्रे डोक्यावर घेऊन जवळच्या वाटेने, म्हणजे दोरीखालून, मैदानाच्या मधोमध आला आणि नेमका वहिनीच्या तावडीत सापडला.

"वहिनी, मी नुसत्या टाचा टेकवतोय हो!"

"आता टाचाही उचला नि तरंगत जा."

बिचारा आला तसा, आपल्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवत, उलट्या पावली दोरीपर्यंत गेला. ट्रेमधला एकही पाव पडला नाही, हे मात्र वहिनीने कबूल केलं.

गवत धरलं. आणि असं धरलं, की लोक फिरायला म्हणून टाकीमागे येऊ लागले. वहिनी मशीन एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने फिरवायची. पातं वळेल तसा उजेड पडून फिक्या-गडद हिरव्या पट्ट्यांचं मैदान इस्त्री केल्यासारखं दिसायचं. पहिल्या सामन्याला पाहुणा संघ आला तेव्हा त्यांच्या कॅप्टनने दोरीपाशी थांबून बूट आपटून माती झाडली, मगच आत पाय टाकला. वहिनीची छाती फुगली.

त्या सामन्यात आपला संघ सणसणीत हरला.

कारण साधं होतं. वहिनीने गवत अगदी आखूड कापलं होतं आणि खालची जमीन आता सपाट आणि घट्ट होती. त्यावरून बॉल असा सुटायचा, की बेकरीवाला वाकायला सुरुवात करेपर्यंत तो त्याच्या पायांतून जाऊन मागच्या भिंतीला भेटून यायचा. बेकरीवाला नंतर म्हणाला, "मी वाकलो होतो हो. पण तोवर लोक घरी निघाले होते."

घरी आल्या आल्या कोचबाईने टोपी टेबलावर आपटली. "वहिनी, ते गवत आहे का काच? बॉल थांबायचं नावच घेत नाही!"

"तुझ्या माणसांनी थांबवायचा."

"माझी माणसं दिवसभर काम करून येतात. आतल्या भागातलं गवत वाढव. जरा दाट, जरा उंच. बॉल हळू येईल, बेकरीवाल्याला सापडेल."

"हे बघ, कोचबाई. या जातीच्या गवताला एक उंची मानवते. त्याहून वाढवलं की बुंध्याशी हवा खेळत नाही."

"अगं, कोणाला कळणार आहे?"

"गवताला."

नवरा दोघींच्या मधोमध बसून जेवत होता. त्याची सवय होती, दोन्हीकडून बोलणं आलं की गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचं. "मी काय म्हणतो, गिऱ्हाईक सांगेल ती लांबी ठेवावी. न्हाव्याने हट्ट धरला तर दुकान बसतं."

"तुमच्या गिऱ्हाइकांना बुरशी लागत नाही," वहिनी म्हणाली.

"एक-दोघांना लागते."

सासूबाईंना ठसका लागला, कोचबाई हसायला लागली आणि त्या हसण्यात वहिनीचा नकार वाहून गेला. तिने आतल्या भागापुरतं मशीनचं पातं वर चढवलं. बाहेरचं मैदान तसंच आखूड, पट्टेदार. आतलं मात्र न्हाव्याकडे जायला कंटाळलेल्या माणसाच्या डोक्यासारखं.

आणि संघ जिंकू लागला. जमिनीवरून सुटलेला बॉल आतल्या गवतात शिरला की त्याचा दम निघून जायचा आणि तो लोळत लोळत बेकरीवाल्याच्या पुढ्यात येऊन थांबायचा, जणू पाव घ्यायला आलाय. एक सामना जिंकले, दुसरा जिंकले, मग लोकांनी मोजायचं सोडून दिलं. बसवाला बस थांबवून खिडकीतून ओरडायचा, "वहिनी, शनिवारी जरा दाट ठेवा!" भाजीवाली जुडीत दोन काड्या जास्त घालायची. दुकानात नवऱ्याला लोक आधी गवताचं विचारायचे आणि मग खुर्चीत बसायचे. मैदानाची देखभाल करणाऱ्या बाईचं इतकं कौतुक गावात कधी झालं नव्हतं.

वहिनीला त्याची गोडी लागली. खेळ अजून नीट कळत नव्हता; दोन जण एकदम पळाले की तिचा गोंधळ व्हायचा. पण आपण जिंकलो हे कळायला नियम लागत नाहीत. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी कोचबाईने सांगितली नव्हती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती आतल्या गवताला पाणी द्यायला लागली. ओलं गवत जड होतं आणि बॉल आणखी हळू येतो, हे तिला एका पावसाळी सामन्यात दिसलं होतं. रोपवाटिकेत नव्या माणसाला ती पहिला धडा द्यायची तो हा, की पाणी पहाटे द्यायचं, दिवसा पातं सुकतं. संध्याकाळी दिलंत तर रात्रभर ओलं राहून रोगाला पायघड्या. हा धडा तिला तोंडपाठ होता. नळ उघडताना ती स्वतःशी म्हणायची, एवढाच शनिवार.

भर उन्हाळ्यात हवा दमट झाली. कपडे वाळेनात, बेकरीतलं पीठ हाताला चिकटायला लागलं. अशाच एका सकाळी वहिनी मैदानावर आली तर तिसऱ्या बेसच्या पुढे गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. तिने चप्पल काढली आणि बोटांनी पाती बाजूला केली. खाली तपकिरी वर्तुळं होती, टेबलावर ओला कप ठेवून उचलावा तशी, एकात एक अडकलेली.

तिने पाणी तोडलं, औषध फवारलं, आतलं गवत हळूहळू खाली आणायला घेतलं. रोग पसरायचा थांबला, पण तिसऱ्या बेसपुढचा मोठा तुकडा मेला तो मेलाच. उन्हात तो वाळून कडक झाला आणि मुळं सुटून जागोजागी खड्डे पडले.

पुढच्याच सामन्यात एक साधासा बॉल त्या तुकड्यावर आला, खड्ड्याच्या कडेला आपटला आणि उसळून बेकरीवाल्याच्या पोटात बसला. बेकरीवाला खाली बसला. सगळे धावले. त्याने एक हात वर करून सांगितलं, "काही नाही, काही नाही. इथे भरपूर गादी आहे." पण पंच हसले नाहीत. त्यांनी बुटाच्या टाचेने ती जागा दाबून बघितली, मान हलवली आणि दोन्ही कॅप्टनना बोलावलं.

"हेच तोंडावर बसलं असतं तर? ही जागा नीट झाली नाही तर शेवटचा सामना इथे होणार नाही. टेकडीवाल्यांच्या मैदानावर होईल."

टेकडीवाले म्हणजे वरच्या गावचा संघ. दोघांचे गुण बरोबरीत होते. शेवटचा सामना जिंकेल तो यंदाचा पहिला. कोचबाई त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडी शिकणाऱ्या दोघांनी घाबरून विचारलं म्हणे, की ताई आजारी आहेत का.

बी पेरून उपयोग नव्हता. सामन्यापर्यंत कोंब आले असते, गवत नाही. तयार गवत मुळांसकट पट्ट्यापट्ट्यांनी खरवडून आणून बसवायला हवं होतं, आणि तेही त्याच जातीचं. वहिनीने आपली रोपवाटिका पालथी घातली, आजूबाजूच्या गावांत फोन केले. त्या जातीचं गवत कुठेच तयार नव्हतं.

एके सकाळी ती, नवरा आणि कोचबाई तिघं दारात उभे होते. नवऱ्याने चहाचा कप तोंडाला लावला आणि कपाच्या काठावरून समोर बघत हळूच म्हणाला, "त्याच जातीचं गवत आपल्या दारात आहे."

तिघांनी समोर पाहिलं आणि तिघांनी लगेच मान फिरवली.

घरासमोर सासूबाईंची हिरवळ होती. दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतलं बी आणून वहिनीनेच पेरलेली, पण पेरणीच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर सासूबाईंची सत्ता. कडा त्या लेकाच्या दुकानातल्या जुन्या कात्रीने कापायच्या. टपालवाली, जी संघात खेळायची आणि कुंपणावरून उडी मारून जायची म्हणून गल्लीत प्रसिद्ध होती, तीसुद्धा या घराचं टपाल हात लांब करून खिडकीत टाकायची.

"तू विचार," वहिनी म्हणाली. "तुझी आई आहे."

"म्हणूनच नाही. मी लहानपणी बॉल मारून तिचं कपाट फोडलंय. तू विचार, तू लाडकी सून."

"लाडकी आहे ती राहू दे की. अहो, तुम्ही?"

"मला दुकान उघडायचंय," नवरा म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघाला.

असे बरेच दिवस गेले. शेवटी एका दुपारी सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली आणि दोघींना समोर बसवलं.

"काय चाललंय? आठवडाभर बघतेय. खाटकाने बकऱ्याकडे बघावं तसे तिघं माझ्या हिरवळीकडे बघताय. तोंडाने बोला."

वहिनी एका दमात सगळं बोलून गेली. मेलेला तुकडा, पंच, टेकडीवाले, त्याच जातीचं गवत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि रोग आला कसा?"

"माझ्यामुळे," कोचबाई म्हणाली. "मी गवत वाढवायला लावलं. वहिनी नको म्हणत होती."

"नाही आई. नुसतं वाढवून एवढं झालं नसतं. मी संध्याकाळी पाणी देत होते. कोणी सांगितलं नव्हतं मला."

कोचबाईने चमकून तिच्याकडे पाहिलं. "तू? पण तूच तर सगळ्यांना पहाटेचं सांगत फिरतेस!"

"हो ना. जिंकायची चटक लागली गं."

"तरी सुरुवात माझीच."

"सुरुवात तुझी, पण गवत माझ्या हवाली होतं."

"अगं, पण मी हट्ट केला नसता तर..."

"पुरे!" सासूबाई म्हणाल्या. "आजवर चूक दुसरीची म्हणून भांडलात, आता माझीच म्हणून भांडताय. घरात शांतता म्हणून नाहीच." त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली हिरवळ उन्हात चमकत होती. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, आणि वहिनीला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "मी एवढं राखते, पण बघतं कोण? ती टपालवाली, तीही लांबून. न्या. पण माझ्या गवताला हात मी लावणार. बसवायलाही मी येणार. आणि तिथे कोण उभं राहणार ते मला दाखवा आधी."

कोचबाईने आईला मिठी मारली. सासूबाई म्हणाल्या, "सोड, हाताला भाजी आहे."

गवत हलवायला सगळा संघ आला. वहिनीने सपाट कुदळीने जमिनीलगत चिरा पाडल्या आणि हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी सुटी झाली. पण पट्टे उचलताना मधोमध फाटायला लागले. तेव्हा बेकरीवाला काही न बोलता निघून गेला आणि भट्टीत पाव सरकवायचं आपलं लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन आला. ते त्याने पट्ट्याखाली अलगद सारलं, मनगट जरासं हलवलं आणि अख्खा पट्टा माती न सांडता हातगाडीत ठेवला.

"बघता काय?" तो म्हणाला. "रोज पहाटे हेच करतो. फक्त हा पाव जरा कच्चा आहे."

मैदानावर मेलेला तुकडा आधीच खणून, सपाट करून ठेवला होता. पट्टे एकमेकांना भिडवून बसवले. सासूबाई गुडघ्याखाली उशी घेऊन प्रत्येक सांधा हाताने दाबत होत्या आणि कोणाची सावलीसुद्धा गवतावर पडली तर दटावत होत्या. नवरा दुकान बंद करून कात्री घेऊन आला आणि कडांची उरलीसुरली पाती नीट करू लागला. कोणीतरी विचारलं, "दाढी पण करणार का?" तो म्हणाला, "आधी वाढू तर दे."

त्यानंतर वहिनीने रोज पहाटे पाणी दिलं आणि आतलं सगळं गवत थोडंथोडं करत मूळच्या उंचीवर आणलं. एकदम आखूड केलं तर गवत पिवळं पडतं, म्हणून एका वेळी शेंड्याचाच भाग काढायचा. कोचबाई दोरीबाहेर उभी राहून बघायची. एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, गवत तुझं. मी त्यात पडणार नाही. मी माणसं हलवते."

तिने बेकरीवाल्याला पहिल्या बेसवर नेलं. तिथे फार पळावं लागत नाही. पाय बेसवर ठेवून हात लांब करायचा आणि फेकलेला बॉल झेलायचा. तिसऱ्या बेसवर तिने टपालवालीला आणलं. सासूबाईंनी टपालवालीला गवताबाहेर उभं करून तिचे बूट तपासले आणि म्हणाल्या, "ही चालेल. हिने आमच्या गवतावर आजवर एकदाही पाय ठेवलेला नाही."

पंच आले, त्यांनी नव्या तुकड्यावर टाच दाबून पाहिली, बॉल लोळवून पाहिला. बॉल सरळ गेला. सामना आपल्याच मैदानावर ठरला.

शेवटच्या सामन्याला अख्खं गाव टाकीमागे लोटलं. बसवाल्याने बस रिकामी आणून लावली आणि स्वतः टपावर चढून बसला. टेकडीवाल्यांचे बॉल आता सुसाट येत होते, पण टपालवाली तिसऱ्या बेसवर मांजरासारखी झेपावत होती. सासूबाईंच्या गवतावरून बॉल एकदाही उडाला नाही. तिने उचलून फेकावा आणि बेकरीवाल्याने पहिल्या बेसवर हात लांब करून झेलावा, असं तीनदा झालं. दर वेळी सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठायच्या, पण टाळ्या टपालवालीसाठी नाही, गवतासाठी.

खेळ बरोबरीत राहिला. शेवटच्या डावात टेकडीवाल्यांची बॅटिंग संपलेली, आता आपली; एक जण बाद, टपालवाली पळत पळत तिसऱ्या बेसपर्यंत पोचलेली, आणि बॅटिंगला बेकरीवाला. टेकडीवाल्यांचे सगळे खेळाडू मागे, भिंतीकडे सरकले. तिसऱ्या बेसवरचा त्यांचा माणूसही चार पावलं मागे गेला. सगळ्यांना माहीत होतं, हा मारणार तर लांब मारणार.

बॉल आला. बेकरीवाल्याने बॅट फिरवलीच नाही. तो खाली वाकला, बॅट आडवी धरली आणि बॉलला नुसता टेकवला. बॉल तिसऱ्या बेसच्या दिशेने सासूबाईंच्या गवतावर गेला आणि तिथे फार पळालाही नाही की अडकलाही नाही. सावकाश, सरळ, लोळत राहिला. त्यांचा माणूस धावत पुढे येईपर्यंत टपालवाली सुटली होती. त्याने बॉल उचलला तेव्हा ती होम प्लेटपाशी धुळीत घसरत पोचलेली, म्हणून त्याने पहिल्या बेसवर फेकला. बेकरीवाला अजून निम्म्या वाटेवर, हुश्श हुश्श करत. तो बाद झाला.

गावाने आभाळ डोक्यावर घेतलं.

वहिनी कोचबाईचा दंड धरून हलवत होती. "अगं, तो बाद झाला ना? मग नाचताय काय?"

"धाव झाली, वहिनी! टपालवाली आली ना घरी! आपण जिंकलो!"

"बाद होऊनसुद्धा?"

"बाद होऊनसुद्धा!"

"असा कसला हा खेळ," म्हणत वहिनी हसायला लागली आणि तिलाच हसू आवरेना. लोक दोरी ओलांडून आत घुसले. कोणी बेकरीवाल्याला उचलायचा प्रयत्न करत होते. ते जमेना तेव्हा त्यांनी त्याची टोपी उचलली. सासूबाई छत्री उघडून आपल्या गवतावर मधोमध उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला "तिकडून, तिकडून" करत वळवत राहिल्या.

गारवा पडायला लागला तसं मैदान बंद करायची वेळ आली. पुन्हा भोकं, पुन्हा वाळू, पुन्हा बी. या वेळी दातेरी रूळ ओढायला कोचबाई आली आणि दोन फेऱ्यांत कंबर धरून बसली. घरासमोरच्या उघड्या चौकोनात पुन्हा पेरायचं का, असं वहिनीने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिथे बाकडं टाका. येणारा-जाणारा बसेल तरी दोन घटका." टपालवाली आता त्यावर बसूनच त्यांची पत्रं हातात देते.

दोरी बांधायच्या आदल्या दिवशी संघ बूट घासायला नि बॅटी पुसून ठेवायला जमला होता. बेकरीवाल्याने गरम पाव आणले होते, आणि सासूबाई आपल्या गवतापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खाऊन झाल्यावर कोचबाईने वहिनीच्या हातात बॅट दिली.

"नको गं. मला काय येतंय?"

"एकदा. वर्षभर गवत कापलंस, आता बॉल मार."

सगळे तिच्याभोवती जमले. कोणी कोपर वर कर म्हणालं, कोणी गुडघे वाकव म्हणालं. नवरा म्हणाला, "मान सरळ, हलू नकोस," आणि जीभ चावली. कोचबाईने अगदी हळू बॉल टाकला. वहिनीने डोळे मिटून बॅट फिरवली. टक् असा आवाज झाला आणि बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून लांबच्या गवतात गेला.

वहिनी बॅट घेऊन तिथेच उभी. तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

"पळ!" कोचबाई तिच्या गाडीतल्या आवाजात ओरडली.

"कुठे?"

"मिठाकडे!"

वहिनी बॅट टाकून, साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून पहिल्या बेसकडे धावली. बॉल आणायला कोणी गेलं नाही, सगळे तिच्याकडेच बघत राहिले. पहिल्या बेसवर पोचून तिने श्वास गोळा केला, मागे वळून, गेला कशाला असं इतकी वर्षं विचारणाऱ्या सासूबाईंकडे पाहिलं, आणि दुसऱ्या बेसकडे निघाली.